आमच्या टीमचे कोच बाओ

फुटबॉलची मॅच चालू असताना भाऊकाकांच्या उजव्या हाताला उभं राहायचं नाही, हे सिंगापूरच्या बेडोक भागातल्या आमच्या ब्लॉकमधल्या सगळ्या मराठी घरांना ठाऊक होतं. समोर कुणी बॉल मारला की भाऊकाकांचा उजवा पाय आपोआप उडायचा. मैदानावर असोत नाहीतर घरात टीव्हीपुढे, पाय उडायचाच, आणि त्यांना ते कळायचंही नाही. काकूंनी सोफ्यासमोरचं काचेचं टीपॉय कधीच बेडरूममध्ये हलवलं होतं. माझ्या बाबांच्या नडगीवर एकदा असा प्रसाद बसला. बाबा कळवळून ओरडले, तर भाऊकाकाच दचकून म्हणाले, "काय झालं ओ? गोल तर वाचला की!"

भाऊकाका कोल्हापूरचे. ज्या गावात तालमींचे फुटबॉलचे संघ असतात, मॅच असली की पेठेतली दुकानं अर्ध्यावर बंद होतात आणि हरलेल्या संघाच्या गल्लीत त्या दिवशी कुणी मोठ्यानं हसत नाही, त्या गावचे. तिथं तालमीच्या टीमकडून ते बरीच वर्षं खेळले. मग इंजिनिअर म्हणून नोकरीला लागले, आणि फिरत फिरत सिंगापूरला आले. जुरोंग आयलंडवरच्या एका कारखान्यात मोठमोठ्या पंपांची देखभाल त्यांच्याकडे होती. भल्या पहाटे ते गळ्यात पास अडकवून कंपनीच्या बससाठी उभे असायचे. संध्याकाळी त्याच बसमधून उतरताना सगळे थकलेले असायचे, भाऊकाका मात्र रस्त्यातला एखादा रिकामा डबा पायानं हळूच ढकलत कचराकुंडीपर्यंत न्यायचे आणि मग वाकून, उचलून आत टाकायचे.

समोरच्याला "भावा" म्हणायची त्यांची सवय होती. माझ्या बाबांना भावा, भाजीवाल्याला भावा, बॉसलाही भावा. मुलींनाही तेच. मी शाळेत असताना लिफ्टमध्ये भेटले की विचारायचे, "काय भावा, झाला का अभ्यास?" आईला सुरुवातीला ते खटकायचं. "मुलीला काय भावा म्हणतात?" ती कुरकुरायची. पुढं आमच्या कॉलेजच्या टीममधल्या चिनी आणि मलय मुलींनी हा शब्द इतक्या वेळा ऐकला की त्यांना वाटलं, हेच यांचं नाव. त्या त्यांना कोच बाओ म्हणू लागल्या. बाओ म्हणजे आत सारण भरलेला वाफवलेला पाव. मी घाबरत घाबरत भाऊकाकांना त्याचा अर्थ सांगितला. ते म्हणाले, "गोल, मऊ आणि गरम. बरोबर हाय की!"

ते आमचे कोच झाले, तेही लिफ्टमध्येच. मी तेव्हा एका लहानशा खासगी कॉलेजात अकाउंटिंग शिकत होते. मुलांची फुटबॉल टीम होती, मुलींची नव्हती. त्या वर्षी पूर्व भागातल्या कॉलेजांनी मुलींची लीग सुरू करायचं ठरवलं आणि आमच्या वर्गातल्या नुरुलनं नोटीस बोर्डवर कागद लावला : फुटबॉल खेळायचं आहे का? नुरुल म्हणजे बुटकी, काटक, शब्द तोंडातून निघायच्या आत पळत सुटणारी. तिनं मला विचारलं आणि मी नाही म्हणू शकले नाही. कॉलेजची एकच अट होती, कोच तुम्हीच शोधा. त्या संध्याकाळी लिफ्टमध्ये भाऊकाकांनी नेहमीचा प्रश्न विचारला, आणि मी अभ्यासाऐवजी हे सगळं सांगून टाकलं.

"कितीजणी हाय तुम्ही?"

"नऊ."

"अकरा लागतात, भावा."

आमचा मजला आला, दार उघडलं, मी बाहेर पडले. दार बंद होताना त्यांनी पाय मध्ये घातला. "गोलकीपर हाय का?"

"नाही."

"मग मी येतो," ते म्हणाले, जणू गोलकीपर असती तर आले नसते.

येणं मात्र इतकं सोपं नव्हतं. कॉलेजच्या स्पोर्ट्स ऑफिसरनं कोचिंगचा कोर्स केल्याचं सर्टिफिकेट मागितलं. आपण कोल्हापुरात इतकी वर्षं खेळलो, असं भाऊकाका एका शब्दानं बोलले नाहीत. पन्नाशी उलटलेल्या त्या माणसानं शनिवार-रविवार विशीतल्या पोरांबरोबर शिट्टी फुंकत, प्लॅस्टिकचे कोन मांडत कोर्स पूर्ण केला. सर्टिफिकेट मिळालं तेव्हा काकूंनी घरी शिरा केला आणि आम्हा सगळ्यांना बोलावलं. तोवर टीममध्ये आणखी दोघी आल्या होत्या, आणि गोलकीपरही मिळाली होती. ह्वे मिन नावाची उंच, अबोल मुलगी. ती खरं तर बॅडमिंटन खेळायची. भाऊकाकांनी तिला कॅन्टीनमध्ये पाहिलं. कुणाच्या तरी हातून पडणारा ग्लास तिनं वरच्यावर झेलला होता. त्यांनी तिथंच तिला विचारलं.

मैदान आठवड्यातून दोनदाच मिळायचं. उरलेल्या दिवशी आम्ही आमच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत जमायचो. तिथं भिंतीवर बॉलवर काट मारलेलं चित्र होतं, म्हणजे फुटबॉल खेळायला बंदी. भाऊकाकांनी घरातून जुने मोजे आणले आणि एकात एक घालून त्यांचा गोळा केला. त्यानं आमचे पास सुरू झाले. तळमजल्यावरचे एक आजोबा रागानं आले आणि बोटानं ते चित्र दाखवू लागले. भाऊकाकांनी तो गोळा उचलून त्यांच्या हातात ठेवला. "अंकल, नो फुटबॉल. ओन्ली सॉक्स." आजोबांनी तो उलटसुलट करून पाहिला, नाकाशी नेला, आणि तोंड वाकडं करून परत दिला. दुसऱ्या दिवसापासून ते खुर्ची घेऊन बघायला बसू लागले.

त्यांचं इंग्रजी त्यांचं स्वतःचं होतं. इथली मुलं "कॅन लाह" म्हणतात, म्हणजे जमेल की. भाऊकाकांनी त्यातला "लाह" काढून आपला "की" घातला. "कोच, कॅन ऑर नॉट?" असं कुणी विचारलं की ते छाती काढून म्हणायचे, "कॅन की!" महिन्याभरात सगळी टीम "कॅन की" म्हणू लागली. आमच्या टीमच्या शर्टांवर मागं तेच छापायचं ठरलं. स्पोर्ट्स ऑफिसरनं विचारलं, हा कोणत्या भाषेतला शब्द? नुरुल म्हणाली, "आमच्या."

पहिल्याच मॅचला आम्ही नऊ गोलांनी हरलो. आमचा एकही गोल झाला नाही. मी राइट बॅक होते, म्हणजे आमच्या गोलच्या उजव्या बाजूचं रक्षण माझ्याकडे, आणि त्यातले निदान चार गोल माझ्याच बाजूनं गेले. शेवटी तर समोरच्या टीमची मुलगी माझ्याजवळून जाताना "सॉरी हां" म्हणून गेली. शिट्टी वाजल्यावर आम्ही गवतावर बसून रडत होतो. भाऊकाका आधी पलीकडच्या गोलकीपरशी हात मिळवून आले, कारण सगळ्यांत जास्त वेळ एकटी तीच उभी होती. मग आम्हाला घेऊन हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, गेले. उसाच्या रसाचे ग्लास समोर आले तसे म्हणाले, "आता एकेकीनं सांगायचं. आज तुझं काय चांगलं झालं? वाईट झालेलं मी बघितलंय, ते नको."

शेवटी मी म्हणाले, "मी एकदा हेडर मारला."

"बघितलं मी. डोळे मिटून मारलास. पण मारलास." त्यांनी रसाचा घोट घेतला. "घाबरलं तरी चालतंय. घाबरून थांबायचं न्हाई."

दुसरी मॅचही हरलो. त्या मॅचमध्ये नुरुल आणि ह्वे मिन यांचं वाजलं. गोल खाल्ल्यावर नुरुल सगळ्यांदेखत ओरडली, "हात कशाला दिलेत तुला?" ह्वे मिननं हातमोजे काढले, गवतावर ठेवले आणि मॅच संपताच बसस्टॉपकडे चालू लागली. मग टीममध्ये दोन तट पडले. तिसऱ्या मॅचला आम्ही सहाजणीच मैदानावर पोचलो. नियमाप्रमाणे निदान सात लागतात. समोरची टीम तयार होऊन उभी होती. रेफ्रीनं घड्याळ पाहिलं आणि त्यांना न खेळताच विजयी ठरवलं. आणखी एकदा असं झालं तर लीगमधून आपलं नाव निघेल, आणि मग पुढच्या वर्षी कॉलेज मुलींची टीम उतरवणार नाही, असं स्पोर्ट्स ऑफिसरनं आम्हाला स्पष्ट सांगितलं.

पुढच्या रविवारी भाऊकाकांनी सगळ्यांना पुलाउ उबीन नावाच्या बेटावर बोलावलं. प्रॅक्टिस नाही, फक्त सायकली चालवायला, असा निरोप होता. सगळ्या आल्या. ह्वे मिनसुद्धा आली, पण नावेत नुरुलकडे पाठ करून बसली. बेटावर उतरल्यावर भाऊकाका सायकलवाल्याशी बराच वेळ काहीतरी बोलत होते. आमच्या सायकली आल्या. शेवटी नुरुल आणि ह्वे मिनसाठी आली ती दोघींनी मिळून चालवायची लांबडी सायकल.

"दुसरी न्हाई म्हणतोय तो," भाऊकाकांनी अगदी भाबड्या चेहऱ्यानं सांगितलं. त्यांच्या मागं सायकलींची रांगच्या रांग उभी होती.

दोघी आधी पडल्या. मग भांडल्या. पुढं कोण बसणार, ब्रेक कुणी दाबायचा, उजवीकडे का वळवलंस. मातीच्या रस्त्यावरून त्यांचा आवाज आम्हाला झाडांच्या पलीकडून ऐकू येत होता. दुपारी नारळपाणी प्यायला थांबलो तेव्हा दोघींचे गुडघे सोललेले होते आणि दोघी एका सुरात त्या सायकलला शिव्या घालत होत्या. नुरुल माफी मागायच्या भानगडीत पडली नाही. तिनं फक्त ह्वे मिनच्या कोपराला लागलेला चिखल आपल्या रुमालानं पुसला. ह्वे मिन म्हणाली, "नेक्स्ट टाइम, यू पेडल." भाऊकाका नारळातली मलई खरवडत होते. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

चौथी मॅच मला आयुष्यभर पुरेल. अर्धा खेळ झाला आणि विजांचा भोंगा वाजला. सिंगापूरमध्ये विजांचा धोका दिसला की मैदान रिकामं करावं लागतं. दोन्ही टीम एकाच छपराखाली दाटीवाटीनं बसल्या. समोरच्या टीममधल्या एका मुलीच्या बुटाचा तळ उखडला होता. भाऊकाकांनी आपल्या पिशवीतली चिकटपट्टी काढली आणि गुडघ्यावर बसून तिचा बूट बांधून दिला. पाऊस थांबल्यावर खेळ पुन्हा सुरू झाला. मैदानात पाणी होतं. कॉर्नरवरून आलेला बॉल आमच्याच एका मुलीच्या पाठीवर आदळला आणि समोरच्या टीमच्या गोलमध्ये गेला. तिला कळलंच नाही. ती "कुठं गेला, कुठं गेला" म्हणून इकडेतिकडे बघत होती. आमचा पहिला गोल! मी वळून पाहिलं तर भाऊकाका दोन्ही हात वर करून नाचत होते आणि त्यांच्या उजव्या हाताला उभा असलेला स्पोर्ट्स ऑफिसर एका पायावर नाचत होता. त्याला आनंद झाला असेल असं मला वाटलं. नंतर कळलं, त्याच्या नडगीला बर्फ लावावा लागला. ती मॅच बरोबरीत सुटली. बुटाला पट्टी बांधलेल्या त्या मुलीनंच त्यांचा गोल केला, आणि भाऊकाकांनी त्यावरही टाळी वाजवली.

पाचवी मॅच रमजानमध्ये आली. नुरुलचा रोजा होता. ऊन चांगलंच तापलं होतं. ती खेळेल तेवढंच खेळू दे, असं भाऊकाका म्हणाले होते, पण ती बाहेर यायला तयार नव्हती. ती मॅच आम्ही जिंकलो, एका गोलानं, आणि तो नुरुलनं केला. घरी जाताना ती मला म्हणाली, "तुला माहितेय, कोच बाओनं मॅचभर पाण्याची बाटली उघडली नाही." माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी त्यांना विचारलं तर म्हणाले, "तहानच न्हवती लागली." त्यांचा शर्ट घामानं निथळत होता.

शेवटच्या मॅचच्या आधी कोल्हापुरातून त्यांची मोठी बहीण आली. त्यांना सगळे आक्का म्हणायचे. साठीच्या, काळ्यासावळ्या, ताठ चालणाऱ्या, सुती साडीवर पायात कॅनव्हासचे बूट घालणाऱ्या. कोल्हापूरकडच्या बऱ्याच बायका बोलताना "मी आलो, मी गेलो" म्हणतात, तशा त्या बोलायच्या. भाऊकाकांबरोबर आमच्याकडे चहाला आल्या तेव्हा आई कौतुकानं म्हणाली, "भाऊंमुळे आमची मुक्ता फुटबॉल खेळायला लागली. तालमीकडून खेळायचे ना ते!"

"त्याला कुणी खेळवलं ते इचारा," आक्का हसत म्हणाल्या. "मी शिकवलो त्याला."

आणि मग बशीत चहा ओतत त्यांनी सांगितलं. लहानपणी दोघं गल्लीत एकत्र खेळायची. आक्का जास्त चांगल्या होत्या, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. भावाचा जुना शर्ट आणि चड्डी घालून, केस टोपीत कोंबून त्या पळायच्या. एक दिवस तालमीचे वस्ताद लहान मुलांची निवड करायला आले. त्यांनी लांबून बघितलं आणि म्हणाले, "त्या हिरव्या शर्टातल्या पोराला आणा." पोरगं समोर आलं. वस्तादांनी शाबासकी द्यायला डोक्यावर हात ठेवला, टोपी पडली आणि दोन वेण्या खाली आल्या.

"सगळी हसली," आक्का म्हणाल्या. "वस्तादपण हसले. वाईट न्हवते ते. म्हणाले, मग हिच्या भावाला घ्या. दुसऱ्या दिवसापासनं आईनं मला भायेर सोडलं न्हाई."

भाऊकाका बशीकडे बघत होते.

"रडलात?" मी विचारलं.

"रडलो की. दोन दिवस. मग ह्याला बुकललो." त्या मोठ्यानं हसल्या. "पण मॅच असली की गच्चीवर चढायचो. तिथनं अर्धं मैदान दिसायचं. हा दिसणाऱ्या अर्ध्यात आला की खेळ बघायचो, पलीकडं गेला की नुसता आवाज ऐकायचो."

भाऊकाकांनी बशी खाली ठेवली. "आक्का, शनिवारी मॅच हाय. तू मैदानावर येणार. पुढं बसणार."

एवढंच ते बोलले. पण मुलींची टीम म्हटल्यावर लिफ्टच्या दारात पाय घालणारा माणूस मला तेव्हा कळला.

शनिवार उजाडला तो वाईट बातम्या घेऊन. दोघी तापानं आजारी, एकीचा घोटा मुरगळलेला, एकीच्या घरी लग्न. मैदानावर आम्ही आठजणी होतो. समोर लीगमधली पहिल्या नंबरची टीम, अकरा खेळणाऱ्या आणि बाकावर आणखी पाच. जिंकल्या तर चषक त्यांचा. स्पोर्ट्स ऑफिसर म्हणाला, आठजणींनी खेळून दहा-बारा गोल खाण्यापेक्षा माघार घ्या, मी वर समजावून बघतो. भाऊकाका आमच्याकडे वळले.

"मी काय सांगणार न्हाई. खेळायचं का घरी जायचं, तुम्ही ठरवा."

आम्ही एकमेकींकडे बघत होतो. आक्का पहिल्या रांगेत खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण काय चाललंय ते कळत होतं. त्या नुसत्या सगळ्या मैदानाकडे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, निवांत बघत होत्या. ह्वे मिननं हातमोजे चढवले. ती सगळ्यांत कमी बोलणारी. म्हणाली, "कॅन की."

त्या मॅचमध्ये आम्ही एकदाही त्यांच्या गोलपर्यंत पोचलो नसू. सगळा वेळ आमच्याच दारात गर्दी. मी पडत होते, उठत होते, पायात येईल तो बॉल बाहेर फेकत होते. एका मुलीला अडवताना माझ्या तोंडून मराठी शिवी गेली आणि आक्कांच्या खुर्चीतून टाळी आली. ह्वे मिननं त्या दिवशी काय काय अडवलं ते सांगता येणार नाही. हातानं, गुडघ्यानं, एकदा चक्क तोंडानं. मध्यंतराला एकही गोल नव्हता. समोरच्या कोचचा आवाज चढला होता. दुसऱ्या अर्ध्यातही बराच वेळ नाही. आमच्या पायांत गोळे येत होते, नुरुल लंगडत होती, तरी कुणी बाहेर जायला तयार नव्हतं, कारण बाहेरून आत यायला कुणी नव्हतंच. अगदी शेवटी त्यांच्या एका मुलीनं लांबून मारलेला बॉल खांबाला लागून आत गेला. शिट्टी वाजली. एका गोलानं आम्ही हरलो.

त्या नाचू लागल्या. चषक त्यांना मिळाला होता. आणि आम्ही? आम्हीही नाचू लागलो. हंगाम पूर्ण झाला होता. टीम टिकली होती. आम्ही एकमेकींच्या गळ्यात पडून, चिखलात लोळून ओरडत होतो. त्यांची कॅप्टन थांबून आमच्याकडे बघत राहिली. मग तिनं आपल्या कोचला विचारलेलं मी ऐकलं, "जिंकलं नक्की कोण?"

गर्दी ओसरल्यावर आक्का उठल्या. साडीचा पदर कमरेला खोचला आणि मैदानात आल्या. "मला एक मारायचाय," त्या म्हणाल्या. भाऊकाका पळत गेले आणि पेनल्टीच्या ठिपक्यावर त्यांनी बॉल ठेवला. नुसता ठेवला नाही, गवत हातानं सारखं करून, फिरवून, नीट बसवून ठेवला. ह्वे मिन गोलमध्ये उभी राहिली. मी तिला खूण केली, सोडून दे. तिनं मान हलवली, नाही.

आक्कांनी चार पावलं मागं जाऊन बॉल मारला. चांगला जोरात. ह्वे मिननं झेप घेऊन अडवला.

आम्ही सगळ्या चुकचुकलो. आक्का मात्र खूश झाल्या. "हां! अशी पाहिजे पोरगी! दयेनं सोडला असतास तर बोललो नसतो तुझ्याशी." भाऊकाकांनी हे ह्वे मिनला समजावून सांगितलं. तोवर आक्का म्हणाल्या, "परत."

भाऊकाका पुन्हा पळाले, बॉल आणला, ठेवला. या वेळी आक्कांनी उजवीकडं बघितलं आणि डावीकडं मारला. ह्वे मिननं अंग झोकून दिलं, बोटं लागली, तरी बॉल कोपऱ्यातून जाळ्यात गेला. आक्का ओरडल्या नाहीत. कमरेवर हात ठेवून जाळ्यात हलणाऱ्या बॉलकडे बघत राहिल्या. भाऊकाका तिथंच गवतावर बसले होते. त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला, आणि बराच वेळ पुसत राहिले.

आम्ही त्या हंगामात खालून दुसऱ्या आलो. टीम मात्र पुढच्या वर्षी उतरली, त्याच्या पुढच्या वर्षीही. मी कॉलेजातून बाहेर पडले तरी भाऊकाका तिथंच होते, निवृत्त होईपर्यंत. मग ते आणि काकू कोल्हापूरला परत गेले. चांगी विमानतळावर त्यांना सोडायला निरनिराळ्या वर्षांच्या इतक्या मुली आल्या होत्या की सुरक्षारक्षकानं मला विचारलं, कोण मोठा माणूस चाललाय? मी म्हटलं, आमचे कोच. भाऊकाका सगळ्यांशी एकेकीच्या नावानं बोलले. माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "जेवून जा घरी. काकूनं डबा ठेवलाय तुझ्या आईकडं." मग पासपोर्ट शोधू लागले. तो त्यांच्या हातातच होता.

गेल्या डिसेंबरात पुण्याला गेले होते, तेव्हा वाट वाकडी करून कोल्हापूरला गेले. भाऊकाका घरी नव्हते. काकू म्हणाल्या, "कुठं असणार? मैदानावर जा." पेठेतल्या मुलींची प्रॅक्टिस चालू होती. भाऊकाका वाळले होते, पण आवाज तोच. आक्का झाडाखाली खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि चुकीचा पास दिला की थेट नाव घेऊन ओरडत होत्या. मला बघून भाऊकाकांनी शिट्टी वाजवली, मुलींना गोळा केलं. मी आता बँकेत बऱ्या हुद्द्यावर आहे, मला एक मुलगी आहे, हे सगळं त्यांना माहीत होतं. त्यांनी ओळख करून दिली ती अशी : "ह्या मुक्ताताई. सिंगापूरच्या. राइट बॅक."

एका मुलीनं, तीही राइट बॅकच असावी, मला निरखून विचारलं, "अजून खेळताय, ताई?"

माझी लेक झाल्यापासून मी बॉलला पाय लावला नव्हता. पण तोंडातून गेलं, "हो."

भाऊकाकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं असणार. ते त्या मुलीला एवढंच म्हणाले, "मग? सोडतंय कोण?"

सिंगापूरला परतल्यावर मी आधी बूट विकत घेतले आणि मग नुरुलला आणि ह्वे मिनला मेसेज केला. आता आम्ही रविवारी सकाळी बेडोकला खेळतो. नुरुलची बहीण येते, ह्वे मिनच्या ऑफिसातल्या दोघी येतात, कधी कधी आमची जुनी पाठीनं गोल करणारीही येते. पहिल्या रविवारचा फोटो मी भाऊकाकांना पाठवला. त्यांनी आवाज रेकॉर्ड करून पाठवला. शाबास नाही, आनंद झाला नाही, काही नाही. "लेफ्ट बॅक कुठाय, भावा? एक बघा की."

पुढच्या रविवारी एक मिळाली. आमच्या मजल्यावरच्या तमिळ शेजारीणबाई, निवृत्त शिक्षिका, नातवंडं असलेल्या. मी लिफ्टमध्ये भीत भीत विचारलं. त्यांनी आयुष्यात कधी फुटबॉल खेळलेला नव्हता. त्या म्हणाल्या, "कुठल्या रंगाचा शर्ट घालून येऊ?"